रिकामे हात की गहाण हात?

“खेड्यात माणसे धडधाकट आहेत, पण कामाला हात लावीत नाहीत,” ही ओरड हल्ली फार ऐकू येते. फार्महाऊसचा मालक म्हणतो, माळी मिळत नाही. गोदामाचा मुकादम म्हणतो, पोरे आठ दिवस टिकत नाहीत. कचेरीतला कारकून म्हणतो, फुकटच्या धान्याने लोक आळशी झाले. आणि दुःखाची गोष्ट ही की, चार बुके शिकून कल्याण-डोंबिवलीस बिऱ्हाड केलेली आमचीच मुलेही आता हेच बोलू लागली आहेत. तेव्हा ह्या आरोपाचा एकदा नीट हिशेब मांडला पाहिजे. आरोप खरा असेल तर आमच्या लोकांनी कान धरावेत. खोटा असेल तर आरोप करणारांनी धरावेत.

आरोप नवा नाही. जोतीराव फुल्यांच्या काळीही कुणबी अडाणी, उधळ्या व आळशी म्हणूनच दरिद्री, असे सांगणारे पांढरपेशे कमी नव्हते. जोतीरावांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला आणि दारिद्र्याचे मूळ कुणब्याच्या हाडात नसून अविद्या, सारापट्टी व कामगारशाहीचा जुलूम ह्यांत आहे, हे दाखवून दिले. काळ बदलला, सारा गेला, कुळकायदा आला, 1 एप्रिल 1957 रोजी कसणारा जमिनीचा मालक ठरला. पण आळशीपणाचा शिक्का मात्र त्याच कपाळावर राहिला.

प्रथम फुकटच्या धान्याचा समाचार घेऊ. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील माणशी महिना 5 किलो धान्य मिळते. तिसांनी भागा. दिवसास दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम होतात. एवढ्या तांदळावर दिवसभर आवणी करणारा गडी आळशी होत असेल, तर भरपगारी साहेब एव्हाना खाटेवरून उठताच कामा नये!

आता गावाकडे वळू. आम्ही उंबरमाळीच्या बाजूचे लिहीत आहो. खर्डी आणि कसारा ह्यांच्या मधले हे ठिकाण. अंगणातून आगगाडी जाते. मुंबई-नाशिकचा मोठा रस्ता जवळ आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा 5 जून 2025 रोजी खुला झाला, तोही आमच्याच तालुक्याच्या उरावरून गेला. पाऊस शंभर इंचांच्या घरात पडतो. तानसा धरण 1892 पासून आणि त्याहून कितीतरी मोठे भातसा धरण गेल्या शतकाच्या अखेरपासून, दोन्ही शहापूर तालुक्यात उभी आहेत. मुंबईच्या सात तलावांत मिळून जेवढे पाणी साठते, त्याचा निम्मा वाटा एकट्या भातशाचा. म्हणजे रस्ता आहे, रेल्वे आहे, पाऊस आहे, धरण आहे. मग माणसाला काम का नाही? बाहेरच्याला हे कोडे वाटते. आम्हाला वाटत नाही.

कोड्याचा पहिला भाग गणतीतच आहे. सरकारी भाषेत बेकार कोण? जो काम शोधतो आणि ज्याला ते मिळत नाही, तोच. ज्याने शोधणेच सोडले, किंवा जिला शोधायला सवड नाही, ती माणसे बेकारांत धरीत नाहीत. ती गणतीच्या बाहेरच बसतात. उलट, ज्याला वर्षाचा बहुतेक काळ काम मिळाले नाही, पण ज्याने एकंदर 30 दिवस तरी काम केले, तोही वर्षाच्या हिशेबात कामकऱ्यांत जमा होतो. म्हणून 2023-24 च्या सरकारी पाहणीत पंधरा वर्षांवरील लोकांत बेकारी अवघी 3.2 टक्के निघाली आणि दिल्लीत समाधान झाले. पण त्याच पाहणीतला दुसरा आकडा वाचा: शंभर पुरुषांत सुमारे 79 श्रमात धरलेले, आणि शंभर बायकांत सुमारे 42. उरलेल्या 58 बायका बेकारही नाहीत आणि कामावरही नाहीत! ही गोष्ट आमच्याच देशाची आहे असे नाही. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशातही पंचविशी ते चोपन्नच्या ऐन वयातल्या शंभर माणसांमागे सोळा-सतरा जण काम करीतही नाहीत व शोधीतही नाहीत, आणि बेकारीच्या आकड्यात ते दिसत नाहीत. आकडा खोटा नसतो. पण आकड्याला विचारलेला प्रश्न अपुरा असतो.

तर मग ह्या 58 बायका करितात काय? आमच्या पाड्यांवर चला म्हणजे दिसेल. माघ संपला की विहिरींचा तळ दिसू लागतो. ओहोळात डवरा खणून करवंटीने हंडा भरावा लागतो, नाहीतर टँकरची वाट पाहावी लागते. शाळेत गणित शिकविताना आम्ही मुलांना हाच हिशेब घालतो. धरा की एका खेपेस अर्धा तास लागतो आणि घरास सहा खेपा लागतात. दिवसाचे तीन तास झाले. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत चार महिने, म्हणजे 120 दिवस. एकंदर 360 तास. आठ तासांचा एक रोज धरला तर 45 रोज भरले. दीड महिन्याची मजुरी एक बाई नुसत्या पाण्यात ओतते! हा हिशेब फळ्यावर पुरा झाला तेव्हा एक मुलगी उठून म्हणाली, “गुरुजी, आमची आई आठ खेपा करते.” तिचे 60 रोज भरले. हे 60 रोज कोणत्याही हजेरीपटावर नाहीत. त्यात सरपण, रांधणे, म्हातारी माणसे आणि पोरे मिळवा. 2024 च्या सरकारी वेळ-पाहणीत देशभराचा हिशेब असा निघाला की, घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसास 289 मिनिटे वेळ त्यात जातो, पुरुषांचा 88. हात रिकामा म्हणता तो कोणता?

आता गंमत पाहा. ह्याच तालुक्यांतून जाणाऱ्या नळांनी मुंबईच्या बाईच्या डोईवरचा हंडा उतरविला, म्हणून ती सकाळी गाडी धरून कचेरीत जाऊ शकते. तिचे आम्हास दुःख नाही. ती आमचीच बहीण आहे, आणि लालबाग-परळच्या चाळींत पाणी पिणारे बहुतेक आमच्याच कुणबी-मराठा कामकऱ्यांचे लेकरू होते. पण धरण उशाशी आणि कोरड घशाशी, हा न्याय कोणत्या शास्त्रातला? घरोघर नळ देण्याची मोहीम 2019 साली देशभर जाहीर झाली, आणि इगतपुरीकडील भावली धरणाचे पाणी ह्या तालुक्यास आणण्याची योजनाही आखण्यात आली. योजनांची नावे आम्हाला पाठ आहेत. आमच्या लेखी योजना पुरी झाल्याची खूण एकच: चैत्रात बाईच्या डोईवरचा हंडा उतरला पाहिजे.

पाण्याचा दुसरा फास पुरुषाच्या गळ्यात आहे. आमचे पीक एक: भात, आणि माळावर नागली-वरी. मृगापासून दिवाळीपर्यंत गडी मान वर करीत नाही. खळे आटोपले की जमीन उघडी पडते. ओलीवर थोडे वाल-हरभरे निघाले तर निघाले. दुसऱ्या पिकाला पाणी नाही. ज्याचे सहा महिने जमिनीत आणि सहा महिने जमिनीबाहेर जातात, त्याला आळशी म्हणावयाचे असेल तर आधी त्याच्या बांधावर पाट काढून द्या आणि मग पाहा.

पण उरलेले सहा महिने तरी तो घरी बसतो काय? नाही. आणि येथेच आमच्या लेखाचे मर्म आहे. भाद्रपदात घरातले दाणे संपतात. गणपती तोंडावर असतो, पोर तापाने फणफणत असते, भात अजून पोटरीत असते. नेमका त्या वेळी वीटभट्टीचा मुकादम पाड्यावर येतो. त्याच्या हातात रोख पैसे असतात. त्याला उचल म्हणतात. उचल घेतली की नवरा-बायकोची जोडी विकली गेली. दिवाळीनंतर भिवंडी, कल्याण, वसईकडच्या भट्टीवर जावयाचे. पहाटेपासून चिखल तुडवावयाचा, विटा थापावयाच्या. आठवड्यास खर्ची म्हणून जेमतेम तांदळापुरते घ्यावयाचे. हिशेब हजार विटांवर, तोही नवऱ्याच्या नावे. बायकोचे हात त्यात फुकट धरलेले. पावसाच्या तोंडी हिशेब होतो तेव्हा उचल आणि खर्ची वजा जाता हातात थोडे उरते, किंवा अंगावर बाकी निघते. ती बाकी फेडायला पुढल्या साली पुन्हा त्याच भट्टीवर. कातकरी घरांची तर पिढ्यान्‌पिढ्या ह्यातच गेली.

जुन्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी कर्ज काढून सावकाराच्या घरी राबणाऱ्यास लग्नगडी म्हणत. 1945 साली उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांनी ती वेठ झुगारून दिली. 1976 साली देशाने वेठबिगार कायद्याने बंद केली. आगाऊ रकमेपायी माणूस बांधून घेणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे आणि तसले कर्ज रद्द आहे. तरी उचल चालू आहे. कारण कायदा पुस्तकात राहतो आणि मुकादम दारात येतो.

येथे आम्हाला आमचीही चूक कबूल केली पाहिजे. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते तेव्हा हजेरीपत्रकात नावे असतात, पण पटावरची काही मुले जागेवर नसतात. पुष्कळ वर्षे आम्ही त्यांच्या नावापुढे गैरहजर लिहिले आणि मनात म्हटले, आईबापांना शिक्षणाची किंमत नाही. एके वर्षी आम्ही अशाच एका पोराच्या शोधात भट्टीवर गेलो. तो बापाने थापलेल्या विटा उलट्या करीत होता. बाप आम्हास पाहून उभा राहिला व खाली मान घालून म्हणाला, “गुरुजी, तुमी भाद्रपदात आलं असतं तर थांबलो असतो.” आम्ही निरुत्तर झालो. भाद्रपदात त्याच्या दारी मुकादम गेला होता. शाळा, सरकार आणि समाज ह्यांपैकी कोणी गेले नव्हते. आळशी तो नव्हता.

आता तिसरा वर्ग, बारावी झालेल्या पोरांचा. ह्यांच्यावर दोन्हीकडून टीका होते. घरचे म्हणतात नांगर धरीत नाही, बाहेरचे म्हणतात नोकरी धरीत नाही. मुरबाडला औद्योगिक वसाहत आहे, आसनगावला कारखाने आहेत, भिवंडीस गोदामांचे नगर वसले आहे. पण तेथे पोरगा जातो तो ठेकेदाराकडून. आज बोलावले, उद्या नको. पहाटेची गाडी गाठायला पाड्यावरून अंधारात स्टेशनापर्यंत चालावे. रात्रपाळी सुटली की परतीची गाडी नाही. खोली घ्यावी तर भाडे पगार खाते. दोन महिन्यांनी तो परत येतो आणि गाव हसतो. मग तो सरकारी भरतीची पुस्तके घेऊन बसतो. 2023 च्या तलाठी भरतीत जागा साडेचार हजारांहून थोड्या अधिक होत्या आणि अर्ज दहा लाखांवर गेले. म्हणजे एका खुर्चीस दोनशेंवर उमेदवार! ह्या पोरांना काम नको आहे असे नाही. त्यांना असे काम हवे आहे की ज्यातून उद्या हाकलून देणार नाहीत. ही मागणी करणे हा आळस असेल, तर ठाण्यात जन्मलेले आमचे नारायण मेघाजी लोखंडेही आळशीच ठरतील. कारण त्यांनी गिरणीकामगारांसाठी आठवड्याची एक सुट्टी मागितली आणि 1890 साली ती मिळवून दिली!

येथवर दुसऱ्यांचा हिशेब झाला. आता आपला. बंधूंनो, रागावू नका. जे वर्तमानपत्र नुसते दुसऱ्यास दोष देते, ते आपल्या माणसांचे हित करीत नाही.

एक तर दारू. चावडीवर पत्ते कुटीत व गुत्त्यात बसणारे काही आहेत, हे खोटे नाही. त्यांच्या बायका रोजावर जातात आणि हे त्यांच्याच पैशाने पितात. मूठभरांच्या ह्या वागण्याने सगळ्या गावावर शिक्का बसतो. दुसरे, लग्नातील डौल. मंडप, बॅन्ड, पाच पंगती. आणि भाद्रपदात उचल. सत्यशोधक समाजाने 1873 पासून साध्या लग्नाचा धडा घालून दिला, तो आम्ही सभेत टाळ्या वाजवून ऐकिला आणि मांडवात विसरलो. तिसरे सर्वांत वाईट. आमच्या आज्या आवणीत गुडघाभर चिखलात उभ्या राहत, डोईवर भाजी घेऊन बाजार करीत, आणि घरात त्यांच्या शब्दास वजन असे. आता घरात जरा चार पैसे आले की आम्ही सुनेला म्हणतो, कामाला जाऊ नको, लोक काय म्हणतील? भिक्षुकशाहीचे सोवळे मोडायला निघालेल्या आम्ही तेच सोवळे मागल्या दाराने घरात आणले. शिकलेली सून अंगणवाडीत, बचतगटात, कारखान्यात काम करू म्हणते आणि आम्ही तिला उंबऱ्याशी अडवितो. त्या 58 बायकांतल्या काहींना हंड्याने नव्हे, आम्ही बांधले आहे.

चौथी गोष्ट जमिनीची. महामार्गास, धरणास, बंगल्यांस जमिनी गेल्या. मोबदला सातबाऱ्यावरच्या नावास मिळाला. त्या शेतात आवणी-कापणीस जाणाऱ्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नसते. तिचे वर्षाचे रोज गेले, तिला कोणी विचारले नाही. आणि ज्यांना मोबदला मिळाला, त्यांतल्या कित्येकांच्या दारात मोटार उभी राहिली व पोर रिकामा राहिला. जमीन विकून घेतलेली मोटार भात पिकवीत नाही.

मग उपाय काय? आम्हाला नवा शोध लावावयाचा नाही. उपाय महाराष्ट्रानेच जगाला शिकविला आहे. वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतून आणि 1972 च्या दुष्काळाच्या चटक्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. 1977 साली तिचा कायदा विधिमंडळात मंजूर झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. त्यासाठी 1975 साली शहरच्या पगारदारावर व्यवसाय कर बसविला. केवढा न्याय्य विचार! खेड्याने शहराला पाणी, धान्य आणि माणसे द्यावीत. शहराने खेड्यातल्या हाताला काम द्यावे. ज्या साहेबाला आमचे लोक आळशी वाटतात, त्याने आपल्या पगाराच्या कागदावरील ती छोटी वजावट पाहावी. ती भीक नव्हे, देण्याची परतफेड आहे. पुढे 2005 साली केंद्राने 100 दिवसांच्या हमीचा कायदा केला, आणि डिसेंबर 2025 मध्ये संसदेने त्या जागी नवा कायदा मंजूर करून 125 दिवस लिहिले. मात्र शेतीच्या ऐन हंगामात साठ दिवसांपर्यंत कामे थांबविण्याची तरतूदही त्यात ठेविली.

दिवस शंभर लिहा की सव्वाशे लिहा, खरी गोम निराळी आहे. मुकादमाचा पैसा भाद्रपदात येतो आणि सरकारचे काम माघात येते. माघात पाड्यावर उरतो कोण? म्हातारे, लंगडे आणि कुलपे. मग अहवाल जातो की, मजुरांची मागणी नाही! जो पर्यंत काम आणि रोख मजुरी मुकादमाच्या आधी दारात पोहोचत नाही, तो पर्यंत हमी ही कागदाचीच हमी राहणार.

म्हणून आमचे आपल्या लोकांस इतकेच सांगणे आहे. भाद्रपद-आश्विनातच कामाची मागणी लेखी करावी, आणि तारखेची पोच घेतल्याखेरीज कचेरीची पायरी उतरू नये; पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास भत्ता मागण्याचा हक्क त्या पोचेवरच उभा राहतो. आपला तालुका अनुसूचित क्षेत्रातला आहे. 1996 च्या पेसा कायद्याने ग्रामसभेस बोलण्याचा अधिकार दिला आहे, तो वापरून ठराव करावा की, पहिले काम पाण्याचे. कार्तिकात ओहोळ वाहता असतानाच पोत्यांचे वनराई बंधारे घालावेत, विहिरींचा गाळ काढावा, बांध घालावेत. त्याच बंधाऱ्याच्या पाण्यावर भेंडी, काकडी, वाल उभे राहतील. म्हणजे आज मजुरी आणि उद्या पीक, दोन्ही एकाच कुदळीने. बचतगटांनी भाद्रपदासाठी वेगळी पेटी ठेवावी, की जीतून गणपतीच्या आधी दोन हजार रुपये मिळाले तर कोणा जोडीला आपले सहा महिने विकावे लागणार नाहीत. सुनेला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू द्यावे, आणि हंडा एक दिवस नवऱ्याने उचलून पाहावा. आमच्या मास्तर मंडळींनी दिवाळीनंतर नावे काटण्यापेक्षा गणपतीपूर्वी घरे फिरावीत, आणि मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेत करावी. यंदापासून आम्ही तरी तसे करणार आहो.

आणि जे आम्हाला आळशी म्हणतात त्यांना एकच विनंती. चैत्रात एकदा कसारा गाडीने उंबरमाळीस या. येताना पाण्याची बाटली आणू नका. एक हंडा आमच्या बाईबरोबर डवऱ्यावरून घरापर्यंत आणा, आणि मग सांगा, ह्या गावातला रिकामा हात कोणता तो.